हरिपूरचे फोटो

“पिवळी नको,” सन्मती म्हणाला. “पिवळं मी दिवसभर बघतो.”

दुकानदारानं उलगडलेली साडी हसत बाजूला सारली. सन्मतीचं खरंच होतं. सांगलीच्या मार्केट यार्डात त्यांचं हळदीचं दुकान होतं आणि फाल्गुन म्हणजे हळदीचा ऐन हंगाम. त्याच्या नखांच्या कडा, शर्टाच्या बाह्या, मोबाइलची बटणंसुद्धा पिवळी असायची. मला बघायला पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा हात इतके घासून आला होता की बोटं लाल झाली होती. तरी आमच्या पांढऱ्या कपाच्या कानावर त्याच्या अंगठ्याचा पिवळा ठसा उमटलाच. आई तो कप पुढं कितीतरी दिवस घासत होती. मला मात्र त्या ठशावरूनच तो आवडला होता.

“डाळिंबी दाखवा,” तो म्हणाला.

“तिला विचारशील की नाही?” शेजारी बसलेल्या त्याच्या आईनं त्याला टोकलं. मी त्यांना काकू म्हणायचे. लग्नानंतर आई म्हण, असं त्यांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

“विचारतो की. त्रिशला, डाळिंबी?”

“तुम्हाला आवडत असेल तर...”

“बघा, परत तुम्ही. अगं, मी काय तुमच्या शाळेचा हेडमास्तर आहे? तू म्हण.”

मी मान खाली घातली. मी तेव्हा एका शाळेत हिंदी शिकवत होते, रोज पाचपन्नास पोरांना दामटून गप्प बसवत होते, पण याला तू म्हणायला जीभ वळत नव्हती. माघात आमची सुपारी फुटली होती. साखरपुडा पाडव्यानंतर ठरला होता. त्याच्या आधी दोघांचे फोटो काढायचे, ही कल्पना त्याच्या मित्राची, अल्ताफ मुजावरची. अल्ताफचा मिरजेत स्टुडिओ होता. पुण्याकडे आता लग्नाआधी नदीवर, किल्ल्यावर जाऊन जोडीचे फोटो काढतात, आपल्याकडे पहिले तुमचे काढू, असं त्यानं सन्मतीच्या डोक्यात भरवलं. सोळा-सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. तेव्हा आमच्याकडे असलं काही कुणी ऐकलंही नव्हतं. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पहिल्यांदा साफ नाही म्हटलं होतं. साखरपुडा व्हायच्या आधी मुलगी मुलाबरोबर फोटोला उभी राहते, हे त्यांना पटेना. मग सन्मती स्वतः येऊन बसला, हॉलच्या दारात लावायच्या बोर्डासाठी एक फोटो पाहिजे म्हणाला, आणि त्यांना राजी करूनच उठला.

“रविवारी काढू,” तो आता काकूंना सांगत होता.

“या रविवारी? आणि ब्लाउज कधी शिवायचा? पाडवा होऊ दे की.”

“पाडव्यानंतर ऊन फार होतं.”

“ऊन म्हणे. हंगामात दुकान सोडून तू जेवायला येत नाहीस, आणि फोटोसाठी रविवार काढतोस.” काकू माझ्याकडे बघून हसल्या. “घाई झालीय बाई याला.”

डाळिंबी साडी ठरली. त्याच्यासाठी काकूंनी मोतिया रंगाचा कुडता निवडला. तो त्यानं अंगाला लावूनही बघितला नाही, नुसता हो म्हणाला. मला ते जरा लागलं. माझ्या साडीसाठी एवढी दुकानं हिंडला आणि स्वतःच्या कपड्याकडे ढुंकूनही बघत नाही, असं मनात आलं.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही जागा बघायला हरिपूरला गेलो. सांगलीहून हरिपूरला जाणारा रस्ता दोन्ही बाजूंच्या चिंचांनी झाकलेला आहे, आणि शेवटी कृष्णा-वारणेचा संगम, त्यावर दगडी घाट. अल्ताफ मोटारसायकलवर आधीच येऊन थांबला होता. कॅमेरा आणला नव्हता. दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून त्यातून तो आम्हाला बघत होता.

“वर बघा. तिकडं नाही, ह्याच्याकडं. सन्म्या, तू जरा जवळ सरक की. हळदीच्या पोत्याशेजारी उभा राहिल्यासारखा उभा आहेस.”

“पोत्याशेजारी मी याच्यापेक्षा जवळ उभा असतो.”

मला हसू आवरेना. मग सन्मतीनं डोक्यावर रुमाल घेतला, लाजून पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरून दाखवली आणि, “अशी उभी राहा, म्हणजे अप्पांना फोटो आवडेल,” म्हणाला. तिथं धुणं धुणाऱ्या बायासुद्धा हसायला लागल्या. तो असा होता. चार माणसांत कुणी संकोचलेलं दिसलं की स्वतःचं हसू करून घ्यायचा, म्हणजे त्या माणसाला मोकळं वाटावं.

ऊन तिरपं झालं होतं. अल्ताफनं त्याला चेहरा नदीकडे करायला लावला आणि तेव्हा मला दिसलं. उजवा गाल खालच्या बाजूला भरल्यासारखा होता.

“इथं सुजलंय का?” मी बोट पुढं केलं.

तो पटकन मागं झाला. “अक्कलदाढ. मिरजेत काढली. जखम भरली नाही अजून.”

“मग फोटोत नाही का दिसणार?”

“दिसू दे की. नवरा गुटगुटीत आहे म्हणतील.”

अल्ताफ त्याच वेळी आमच्याकडे पाठ करून पाण्याकडे बघायला लागला. मला वाटलं, आम्हाला दोन शब्द बोलता यावेत म्हणून वळला असेल.

परत येताना रस्त्यावर थांबून आम्ही भेळ घेतली. सन्मतीनं खाल्ली नाही. उसाचा रस मात्र घेतला, तोही एका बाजूनं, हळूहळू. “फोटोपर्यंत वजन उतरवतोय,” म्हणाला.

शनिवारी शाळा सुटल्यावर मी शिंप्याकडून ब्लाउज आणला. हाताला मेंदी काढावी की नको, यावरून आईशी वाद घातला. साडीला इस्त्री केली, पदराच्या निऱ्या घालून बघितल्या, सोडल्या, परत घातल्या. आरशासमोर उभी राहून मान तिरकी करून हसायची सवय करत होते आणि मध्येच स्वतःचीच लाज वाटून थांबत होते. माझ्या पत्रिकेबरोबर जो फोटो फिरला होता, तो शाळेच्या ओळखपत्रासाठी काढलेला. त्यात मी कुणावर तरी रागावल्यासारखी दिसत होते. सन्मती नेहमी म्हणायचा, तो फोटो बघून मी येणारच नव्हतो, आईनं ढकललं म्हणून आलो. या वेळी असा एक फोटो यावा की त्यानं बघावा आणि गप्प व्हावं, एवढंच माझ्या मनात होतं.

त्या दिवशी अप्पा उशिरा घरी आले. आम्ही जैन, सूर्यास्तानंतर जेवत नाही. अप्पांनी तो नियम कधी मोडला नव्हता, आणि त्यासाठी संध्याकाळी घरी यायची वेळही कधी चुकवली नव्हती. त्या दिवशी आले तेव्हा देवापुढं दिवा लागून गेला होता.

“जेवला का कुठं?” आईनं विचारलं.

“नाही.”

“मग होता कुठं?”

“यार्डात गेलो होतो.”

“सन्मतीकडं?” मी विचारलं. “काय म्हणाले?”

अप्पांनी चपला नीट जोडून भिंतीशी ठेवल्या. बराच वेळ ठेवत राहिले. “काही नाही,” म्हणाले. “हळदीचा भाव.”

मग माझ्या इस्त्रीच्या साडीकडे बघून त्यांनी विचारलं, “उद्या किती वाजता?”

“उजाडता उजाडता. अल्ताफदादा म्हणाले, तेव्हा उजेड चांगला असतो.”

“मी सोडतो तुला.”

आई आश्चर्यानं बघत राहिली. फोटोच्या नावानं आठवडाभर तोंड फुगवून बसलेला माणूस आपणहून सोडतो म्हणत होता. मी खूश झाले. म्हटलं, अखेर यांनाही आवडायला लागला जावई.

सकाळी चिंचांच्या रस्त्याला लागल्यावर, घाट अजून पुढं असताना, अप्पांनी स्कूटर थांबवली.

“इथनं तू जा. मी येत नाही तिथवर.”

“का? चला की. तुमचाही एक काढू.”

“नको. तुम्ही बोला दोघं.” त्यांनी माझ्या खांद्यावरचा पदर सारखा केला. असं ते कधी करत नसत. “काही झालं तरी सरळ घरी ये, त्रिशला. मी इथंच आहे.”

“काय व्हायचंय अप्पा, फोटो तर काढायचेत,” असं म्हणून मी निऱ्या उचलून चालायला लागले.

घाटावर दोघंही होते. अल्ताफच्या गळ्यात कॅमेरा होता. सन्मती रोजच्या चौकड्याच्या शर्टात होता.

“कुडता कुठाय?”

“गाडीला पिशवीत आहे. आईनं इस्त्री करून दिलाय. आधी तुझे एकटीचे होऊ देत. ताजी आहेस तोवर.”

मग तो माझ्याकडे बघत राहिला. इतका वेळ की मलाच कसंतरी झालं. “डाळिंबीच बरोबर होती,” एवढंच म्हणाला.

अल्ताफनं मला पायऱ्यांवर बसवलं, पाण्याकडे बघायला लावलं, देवळाच्या ओवरीत उभं केलं. पहिल्या काही फोटोंत मी ओळखपत्रासारखीच आले असणार. मग सन्मती अल्ताफच्या मागं जाऊन उभा राहिला आणि सुरू झाला. आमच्या हेडमास्तरांची नक्कल केली. यार्डातला आडत्या हळदीचं कांडं मोडून कसा नाक मुरडतो ते करून दाखवलं. मी हसले की अल्ताफ बटण दाबायचा. मी किती हसले असेन त्या सकाळी. हसून हसून डोळ्यांतलं काजळ पसरलं तेव्हा सन्मतीनं स्वतःचा रुमाल भिजवून मला दिला, पण जवळ आला नाही. हात लांब करून दिला.

“बास आता माझे,” मी म्हणाले. “कुडता घालून या. ऊन चढेल.”

तो जागचा हलला नाही. अल्ताफ कॅमेऱ्याच्या मागं काहीतरी बघत राहिला.

“अल्ताफ, चहा पिऊन ये जरा,” सन्मती म्हणाला.

“कॅमेरा?”

“घेऊन जा.”

अल्ताफ गेला. सन्मती माझ्यापासून एक पायरी खाली बसला, पाण्याकडे तोंड करून.

“दाढ काढली ती जखम भरेना, म्हणून डॉक्टरांनी तिथला तुकडा तपासायला पाठवला होता. गेल्या सोमवारी रिपोर्ट आला.”

“काय आलं?”

“कॅन्सर.”

गिऱ्हाइकाला हळदीच्या वाणाचं नाव सांगावं, तसं तो म्हणाला. मी म्हणाले, “पण तुम्ही तर तंबाखू खात नाही.”

“नाही. सुपारीसुद्धा नाही. डॉक्टर म्हणाले, होतं कधीकधी असं.”

“काकूंना?”

“आज सांगणार आहे. अल्ताफला माहीत आहे, त्याच्याच गाडीवरून रिपोर्ट आणला. आणि काल अप्पांना सांगितलं.”

चिंचेखाली थांबलेली स्कूटर माझ्या डोळ्यांपुढं आली.

“पुढच्या बुधवारी ऑपरेशन आहे. इथपासून इथपर्यंत काढणार.” त्यानं कानाखालून हनुवटीपर्यंत बोट नेलं. “नंतर कसा दिसतो माणूस, ते त्यांनी फोटोत दाखवलं मला. म्हटलं, त्याच्याआधी आपले दोघांचे काढून घेऊ. म्हणून या रविवारची घाई. फोटो झाले की तुला सांगणार होतो. आधी सांगितलं असतं तर तू हसली नसतीस.”

“मग काढायचे की. चला.”

“तुला न सांगता शेजारी उभं करायचं, हे मनाला पटेना. दोन रात्री झोप नाही. म्हणून अप्पांना बोलावलं काल.”

“काय म्हणाले?”

“रडले.”

“आणि?”

मी त्याच्या पायरीवर उतरून त्याच्यासमोर बसले. “आणि काय म्हणाले, सन्मती?”

“म्हणाले, लेकरा, तू बरा हो, मग बघू. पण दोघांचा फोटो काढू नको. साखरपुडा झालेला नाही. फोटो एकदा निघाला की कुठं कुठं जाईल सांगता येत नाही. उद्या तिला दुसरीकडं विचारायची वेळ आली, तर तो आडवा येईल.” त्यानं शर्टाच्या बाहीवरची हळद झटकली. “मी शब्द दिला त्यांना.”

“मला कुणी विचारलं?”

“नाही विचारलं.”

“मग मला बोलावलंत कशाला? नटवून बसवायला?”

“काल फोन लावला होता, येऊ नको सांगायला. रिंग वाजायच्या आत बंद केला. तू ब्लाउज शिवून घेतला होतास. साडीला इस्त्री करून ठेवली असशील. म्हटलं, एकदा बघू तरी.”

मी उठले. मला राग आला होता, आणि रागानं बरं वाटत होतं. “ऊठ तू. ऊठ आणि आधी तो कुडता घाल. शब्द तू दिलायस, मी नाही दिलेला.”

त्यानं वर बघितलं. “तू म्हणालीस.”

“ऊठ म्हणते ना.”

मी अल्ताफला हाक मारली. तो लांब नव्हता, चहाला गेलाच नव्हता. मी सन्मतीचा दंड धरून त्याला उभं केलं. त्याच्या अंगाला माझा हात लागला तो पहिल्यांदाच. “असा काढा,” मी म्हणाले. “शर्टातच काढा.”

अल्ताफनं कॅमेरा डोळ्याला लावला. सन्मतीनं तळहात चेहऱ्यापुढं धरला, माझा हात सोडवला आणि तो पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत गेला. पाठ करून उभा राहिला.

“काढा दादा. पाठमोरा काढा.”

अल्ताफचा कॅमेरा खाली आला. त्याच्या दाढीवरून पाणी ओघळत होतं. “वहिनी,” तो म्हणाला, “त्यानं आईची शपथ घातलीय मला.”

वहिनी असं मला त्यानं त्याआधी कधी म्हटलं नव्हतं, आणि नंतरही कधी म्हटलं नाही.

मी खाली जाऊन सन्मतीजवळ बसले. आम्ही बराच वेळ तिथं होतो. ऑपरेशनला येऊ नको म्हणाला. येणार म्हणाले. मी भेटणार नाही म्हणाला. बाहेर बसेन म्हणाले. मग तेही बोलून संपलं. तो म्हणाला, शाळेतलं काहीतरी सांग. मी नववीच्या वर्गातल्या एका मुलीनं प्राणीसंग्रहालयावर निबंध लिहिताना सगळ्या प्राण्यांना शिक्षकांची नावं कशी दिली ते सांगितलं. तो हसला. हसताना दुखत असावं, गाल धरून हसला. अंगाला हळद फासलेली एक गाय पाण्यात उतरली, शिंगं रंगवलेली, बहुतेक कुणाच्या तरी घरचं कार्य असावं. तिच्याकडे बघत बसलो. ऊन डोक्यावर आलं तेव्हा तोच म्हणाला, “जा. अप्पा थांबलेत.”

अप्पा चिंचेखाली स्कूटरला टेकून उभे होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“मला का विचारलं नाही, अप्पा?”

“विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस,” ते म्हणाले.

त्यानंतर आमच्या घरात त्या विषयावर कुणी आवाज चढवला नाही. मी दवाखान्यात जायचे, अप्पा अडवत नसत. पण सन्मतीनं मला खोलीत येऊ दिलं नाही. काकू बाहेर यायच्या, व्हरांड्यातल्या बाकावर माझ्या शेजारी बसायच्या, माझा हात मांडीवर घ्यायच्या. “आज पेज गेली,” म्हणायच्या. “आज दोन पावलं चालला.” मी आत बघायचे. पडद्याखालून पलंगाचे लोखंडी पाय तेवढे दिसायचे. एकदा मी मोठ्यानं म्हणाले, सन्मती, मी आलेय. आतून उत्तर आलं नाही. काकू म्हणाल्या, “त्याला ऐकू जातं बाई. पण आता त्याचं बोलणं कळत नाही. तुला ते ऐकू जाऊ नये म्हणून बोलत नाही.”

मी म्हणाले, मला चालेल. काकू आत गेल्या, बाहेर आल्या आणि मानेनंच नाही म्हणाल्या.

पावसाळ्यात दुखणं दुसरीकडे पसरलं. मुंबईला नेलं, परत आणलं. दसऱ्याच्या आधी तो गेला.

मी आणि अप्पा त्यांच्याकडे भेटायला गेलो तेव्हा घरात माणसं होती, त्यामुळे काही बोलणं झालं नाही. पंधरवड्यानं काकूंनी निरोप पाठवला, येऊन जा. अप्पाही बरोबर आले. सोप्यात खुर्चीवर सन्मतीचा फोटो ठेवला होता, हार घातलेला. गाडी चालवायच्या परवान्यावरचा फोटो मोठा करून घेतला होता. डोळे धड उघडलेले नव्हते, चेहरा पसरट आणि पुसट झाला होता. ओळखीच्या माणसालासुद्धा जवळ जाऊन बघावं लागलं असतं.

काकूंनी मला आतल्या खोलीत नेलं. पलंगावर बसवलं. अप्पा दाराशी खुर्चीवर बसले.

“तो फोटो बघितलास ना बाहेरचा?” काकू म्हणाल्या. “दुसरा चांगला एक मिळेना. लग्नाकार्यातल्या फोटोंत हा कायम पंगत वाढताना, नाहीतर कुणाच्यातरी मागं. कॉलेजातला आहे, पण त्यात अगदीच पोरसवदा दिसतो. मग मला आठवलं. तुमचे हरिपूरला निघाले होते की. मोतिया कुडता मीच इस्त्री करून दिला होता. त्यातला एक दे मला. तू त्यात असलीस तरी चालेल, तुझी बाजू कापून घेईन. तुला त्रास व्हायला नको पुढं.”

मी अप्पांकडे बघितलं नाही. बघू शकले नाही. खुर्ची करकरली तेवढी ऐकू आली.

“काकू, त्यात तो नाही.”

“नाही म्हणजे?”

“एकाही फोटोत नाही. सगळे माझेच आहेत.”

“असं कसं? दोघं गेला होता ना?”

दारातून अप्पा उठून आत आले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. काकूंच्या पुढं जमिनीवरच बसले, इतके एकदम की मला वाटलं पडले.

“मी नको म्हणालो होतो, वहिनी,” ते म्हणाले. “मी त्याचा शब्द घेतला होता.”

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. त्या काही बोलतील, हाकलतील, असं मला वाटलं. मला तसं व्हायला हवं होतं. त्या म्हणाल्या, “पोरीचा बाप आहात. मीही तेच म्हणाले असते.” मग पदर तोंडाला लावून त्या रडायला लागल्या. अप्पाही रडत होते. मीच एकटी तिथं कोरडी बसले होते.

नंतर काकूंनी डोळे पुसले. “मग तुझे तरी दाखव,” म्हणाल्या.

अल्ताफनं ते फोटो धुऊन पाकिटात घालून माझ्याकडे दिले होते, सन्मती गेल्यावर. ते मी उघडले नव्हते. पण त्या दिवशी का कोण जाणे, पर्समध्ये घेऊन गेले होते. काकूंनी पलंगावर चादर सारखी केली आणि एकेक फोटो त्यावर मांडला. पायऱ्यांवरचा. ओवरीतला. पदर सावरतानाचा. सगळ्यात शेवटी एक होता, त्यात मी मान मागं टाकून हसत होते, डोळे जवळजवळ मिटलेले, काजळ एका कोपऱ्यात पसरलेलं. हेडमास्तरांच्या नकलेचा असावा.

काकू त्या फोटोवर वाकल्या. त्यांना चष्म्याशिवाय नीट दिसत नसे.

“हा कुणी काढला?”

“अल्ताफदादांनी.”

“आणि हा कुठं होता तेव्हा?”

“समोर. दादांच्या मागं. मला हसवत होता.”

त्यांनी बोट उचललं, फोटोतल्या माझ्या चेहऱ्यावर ठेवलं, तिथून हळूहळू सरकवत माझी नजर जात होती त्या बाजूला नेलं. फोटोची कड संपली. बोट चादरीवर आलं आणि थांबलं.

“इथं?”

“नाही काकू,” मी म्हणाले. “जरासा इकडं.”

आणि त्यांचं बोट धरून मी आणखी थोडं पुढं नेलं.